‘नॉर्मल’ १.१ : पॅथॉलॉजी लॅबच्या प्रमुखांना खुलं पत्र

पॅथॉलॉजी लॅबच्या सर्व प्रमुखांना आणि रिपोर्टखाली सही करणाऱ्या माझ्या डॉक्टर मित्रमैत्रिणींना,

स. न. वि. वि.

मी फिजिशियन आहे आणि गेली बावीस वर्षं रोज तुमचे रिपोर्ट वाचतो आहे. तुमची-माझी भेट क्वचित होते. मधे पेशंट असतो, तो कागद घेऊन येतो, मी कागदावरून नजर फिरवतो. कुठे ठळक अक्षर दिसलं, कुठे वर जाणारा बाण दिसला की थांबतो, नाही तर पान उलटतो. चाळीस पेशंट बाहेर बसलेले असताना याला वाचन म्हणायचं की चाळणं, ते तुम्हीच ठरवा. पण बहुतेक सगळे डॉक्टर असंच वाचतात, आणि तुम्ही काय ठळक छापता यावर आमचं अर्धं डोकं चालतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आजी नागीण घेऊन आल्या. बरगडीखाली एका बाजूने फोडांचा पट्टा, प्रचंड आग. वजन ४२ किलो, उंची १४८ सेंटिमीटर. हे आकडे मला आज पाठ आहेत, त्या दिवशी मी विचारलेही नव्हते. फाइलमध्ये तीन आठवड्यांपूर्वीचा रक्ताचा रिपोर्ट होता. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा, १.१, शेजारी नॉर्मल रेंज ०.६ ते १.२. ठळक नाही, बाण नाही. मी व्हॅलासायक्लोव्हिर हे नागिणीच्या विषाणूवरचं औषध लिहून दिलं, एक ग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, सात दिवस. पुस्तकातला नेहमीचा डोस.

तिसऱ्या रात्री आजी भिंतीवरच्या माणसांशी बोलू लागल्या. मुलाला ओळखेनात, हात थरथरायला लागले. घरच्यांना वाटलं पक्षाघात, मलाही तसंच वाटलं. मेंदूचा स्कॅन झाला, तो स्वच्छ निघाला. क्रिएटिनिन परत केलं, पुन्हा १.१, पुन्हा ‘नॉर्मल’. शेवटी रात्रपाळीच्या रजिस्ट्रार मुलीने आजींचं वजन किती, असं विचारलं. तिने मोबाइलवर हिशेब केला आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली. क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडाची रक्त गाळण्याची क्षमता, मिनिटाला २८ मिलिलिटर. इतकी कमी क्षमता असेल तर ही गोळी दिवसातून एकदा द्यायची असते. मी तिप्पट देत होतो.

औषध बंद केलं, सलाईन चालू ठेवलं. तीन दिवसांत आजी भानावर आल्या आणि ‘हे कोण?’ असं माझ्याकडे बघून त्यांनीच मुलाला विचारलं. रास्त प्रश्न होता.

चूक माझी होती. वजन न विचारता डोस लिहिणारा मी, त्यात लॅबचा काही दोष काढता येणार नाही. तुमच्या यंत्राने १.१ अगदी बरोबर मोजलं होतं. तरीही तुम्हाला लिहितो आहे, कारण त्या कागदावर खरा आकडा होता, त्याचा अर्थ मात्र उलटा छापला होता. आणि तो अर्थ छापायचा की नाही, कसा छापायचा, हे बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे.

तुम्हाला क्रिएटिनिन शिकवण्याचा आगाऊपणा करत नाही, पण हे पत्र पेशंटही वाचतील म्हणून थोडं सांगतो. क्रिएटिनिन हे स्नायूंच्या रोजच्या झिजेतून तयार होणारं टाकाऊ द्रव्य. ते रक्तात येतं आणि मूत्रपिंडाच्या गाळण्यांतून लघवीवाटे बाहेर पडतं. मोरीत नळ चालू आहे आणि खालून पाणी वाहून जातं आहे, असं डोळ्यासमोर आणा. रक्तातलं क्रिएटिनिन म्हणजे मोरीत साचलेल्या पाण्याची पातळी. पातळीवरून मोरी किती तुंबली आहे हे ओळखायचं तर नळाची धार केवढी हे माहीत हवं. तालमीत घुमणाऱ्या तरुणाचा नळ धो धो वाहतो. बेचाळीस किलोच्या आजींची धार करंगळीएवढी. त्यांची मोरी अर्ध्याहून जास्त तुंबली तरी पाणी काठापर्यंत येत नाही, आणि आपण काठ बघून ‘नॉर्मल’ म्हणतो.

हाच १.१ दोन माणसांना लावून बघा. क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून क्षमता काढणारं सीकेडी-ईपीआयचं २०२१चं सूत्र घेतलं, तर पंचवीस वर्षांच्या पुरुषाची गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, ९६ येते. आमच्या आजींची ५१ येते. रेंजच्या रकान्यात मात्र दोघं शेजारी शेजारी, दोघंही धडधाकट.

दुसरी गंमत वक्ररेषेची. क्रिएटिनिन आणि गाळण्याची क्षमता यांचं नातं व्यस्त आहे. एखाद्याचं मूळचं ०.६ असेल आणि ते हळूहळू १.२ झालं, तर ढोबळमानाने त्याची निम्मी क्षमता गेली. आणि ती जाताना एकदाही तुमच्या रेंजबाहेर पाऊल पडलेलं नाही. उलट आठवरून नऊ झालं की घरभर धावपळ होते, त्यात गमावलेलं मात्र अगदी थोडं असतं, कारण गमावण्यासारखं फारसं उरलेलंच नसतं. गाळण्या कमी झाल्या की मूत्रपिंडाच्या नलिका स्वतः थोडं जास्त क्रिएटिनिन लघवीत ढकलतात, तेवढी पातळी आणखी दबून राहते. म्हणजे ज्या टप्प्यावर काही करता येण्यासारखं असतं, नेमक्या त्याच टप्प्यावर हा आकडा सर्वांत मुखदुर्बळ असतो.

म्हणून पहिली विनंती सरळ आहे. प्रौढ माणसाचं क्रिएटिनिन नुसतं छापू नका. शेजारी ईजीएफआर छापा, डॉक्टरने मागितला असो वा नसो. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही, नवं रसायन लागत नाही. वय आणि लिंग तुमच्या संगणकात आधीच आहे, बाकी गुणाकार आहे. बऱ्याच लॅब हे कित्येक वर्षांपासून करतात. ज्या करत नाहीत त्यांना मी हात जोडतो.

पण जे करतात त्यांच्याशीच मला जास्त बोलायचं आहे. कारण ईजीएफआर छापायला लागल्यापासून माझ्याकडे दुसऱ्याच प्रकारची माणसं यायला लागली आहेत.

मागच्या वर्षी तीस वर्षांचा एक तरुण आला. रोज दोन तास व्यायाम, दंड माझ्या मांडीएवढे, सोबत स्नायूंसाठी घेतात ती क्रिएटिनची पावडर. कुठल्याशा पॅकेजमध्ये तपासणी झाली, क्रिएटिनिन १.६, ईजीएफआर ५९. त्याखाली लाल अक्षरांत ‘किडनीचा आजार, तिसरा टप्पा’. रिपोर्ट रात्री मोबाइलवर आला. सकाळी मी त्याला बघितलं तेव्हा तो रात्रभर डायलिसिसबद्दल वाचत बसला होता आणि त्याने लग्नाची बोलणी थांबवायला सांगितली होती. लघवीत प्रथिनं नव्हती, रक्तदाब उत्तम, सोनोग्राफी स्वच्छ. सिस्टॅटिन सी ही स्नायूंवर अवलंबून नसलेली दुसरी रक्ततपासणी करून घेतली, त्यावरून काढलेली क्षमता शंभराच्या वर. नळ मोठा होता, एवढंच.

तर आजींच्या रिपोर्टवर जे लपलं, ते या पोराच्या रिपोर्टवर बोंबलत होतं, आणि दोन्ही वेळा माणूस चुकीच्या बाजूला ढकलला गेला. ईजीएफआर हे मोजमाप नाही. त्या ‘ई’चा अर्थच ‘अंदाजे’ असा आहे. खरी गाळण्याची क्षमता मोजायची तर इन्युलिनसारखा किंवा आयोहेक्झॉलसारखा पदार्थ शिरेतून देऊन तो किती वेगाने बाहेर पडतो हे पाहावं लागतं. ते रोजच्या ओपीडीत कोण करणार? म्हणून आपण क्रिएटिनिनवरून अदमास घेतो, आणि त्यात गैर काही नाही. मात्र तो छापताना अंदाजासारखा दिसला पाहिजे.

अंदाज किती चुकतो? ही सूत्रं तपासणारे लोक एक साधी कसोटी लावतात. मोजलेल्या क्षमतेच्या तीस टक्के इकडेतिकडे आकडा पडला की अंदाज पास. या सैल कसोटीवरही क्रिएटिनिनची चांगली सूत्रं दहातल्या आठ-नऊ जणांच्या बाबतीतच पास होतात. म्हणजे तुम्ही ६० छापलंत, तर आत दडलेला खरा आकडा ४६ असू शकतो किंवा ८६, आणि तरीही सूत्र ‘पास’ म्हणायचं. उरलेला एखादा या पट्ट्याच्याही बाहेर. हे माहीत असताना एका लॅबच्या रिपोर्टवर मी ‘५७.३४’ असा ईजीएफआर वाचला आहे. दशांशानंतरचे ते दोन आकडे कुठून आले, हे त्या संगणकालाही सांगता येणार नाही.

आणि त्याच कागदावर क्रिएटिनिन ‘१.०’ असं एकाच दशांशापर्यंत! हे नेमकं उलटं झालं. सत्तर वर्षांच्या बाईंचं क्रिएटिनिन १.० छापलं, तर आत ०.९५ असेल किंवा १.०४. पहिल्यावरून ईजीएफआर ६४ येतो, दुसऱ्यावरून ५८. ज्या ६०च्या रेषेवरून आपण माणसाला आजारी ठरवतो ती रेषा या गोळाबेरजेत हरवून जाते. मूत्रपिंडविकारांसाठी मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेने हे कधीच सांगून ठेवलं आहे : मिलिग्रॅममधलं क्रिएटिनिन दोन दशांशांपर्यंत, ईजीएफआर पूर्णांकात. आणि ६०च्या खाली आकडा गेला तर शेजारी लिहायचं ‘कमी’. आजार नव्हे, टप्पा नव्हे, नुसतं ‘कमी’. टप्पा ठरवायला निदान तीन महिने तो आकडा खालीच राहायला हवा, आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन बघायला हवं. तुमच्याकडे एका दिवसाचं एक सँपल असतं. त्याच्या जोरावर माणसाला दीर्घकालीन आजार चिकटवण्याचा अधिकार तुम्हाला नाही, खरं तर मलाही नाही.

सूत्राचं नाव छापा, ही पुढची विनंती. हे किरकोळ वाटतं, पण किरकोळ नाही. साठ वर्षांचे एक गृहस्थ माझ्याकडे दोन रिपोर्ट घेऊन आले. दोन लॅब, आठ दिवसांचं अंतर, दोन्हीत क्रिएटिनिन १.३. एकीत ईजीएफआर ६३, दुसरीत ५६. ‘आठवड्यात सात गेले, असे किती आठवडे?’ असं त्यांनी विचारलं. त्यांचं काहीही गेलं नव्हतं. पहिली लॅब २०२१चं सीकेडी-ईपीआय वापरत होती, दुसरी अजून एमडीआरडी या जुन्या सूत्रावर होती. कागदावर दोघींपैकी कुणीच सूत्राचं नाव लिहिलं नव्हतं. मी फोन करून विचारलं तेव्हा कळलं, आणि एका ठिकाणी तर फोन तीन जणांकडे फिरला.

या सूत्रांचा वंशवेल थोडा सांगायला हवा, कारण आपण त्यांना वेदवाक्य समजतो. १९७६ साली कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोघांनी आपलं सूत्र मांडलं : १४०मधून वय वजा करा, वजनाने गुणा, क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागा. कागदावर तोंडी करता येईल इतकं सुटसुटीत. ते ज्या २४९ माणसांवरून काढलं ते सगळे पुरुष होते. स्त्रियांसाठी पंधरा टक्के कमी धरा, हे त्यांनी अंदाजाने सुचवलं. जगभरच्या असंख्य बायकांच्या औषधांचे डोस त्या पंधरा टक्क्यांवर ठरले, अजून ठरतात. १९९९मध्ये एमडीआरडी आलं, ते ज्यांची मूत्रपिंडं आधीच बिघडलेली होती अशा रुग्णांवरून, त्यामुळे धडधाकट माणसाला ते हटकून कमी मार्क देतं. २००९मध्ये सीकेडी-ईपीआय आलं, ते वरच्या आकड्यांतही बरंच सुधारलेलं. या एमडीआरडीत आणि २००९च्या सूत्रात कृष्णवर्णीयांसाठी वेगळा गुणक होता. तो बराच वाद होऊन २०२१मध्ये काढून टाकला. तरीही आयात केलेल्या सॉफ्टवेअरचे काही रिपोर्ट आजही दोन ओळी छापतात, ‘कृष्णवर्णीय असल्यास’ आणि ‘नसल्यास’. पेशंटने त्यातली कुठली निवडायची?

सूत्राच्या शेजारी क्रिएटिनिन मोजण्याची पद्धतही लिहा, जाफेची रंगाची की एन्झायमॅटिक, म्हणजे विकर वापरणारी. माक्स जाफे यांनी क्रिएटिनिन आणि पिक्रिक आम्लाची ती नारिंगी-लाल क्रिया १८८६ साली सांगितली. पिक्रिक आम्ल पुढे तोफगोळ्यांतही भरलं गेलं, आणि ते आजही आपल्या यंत्रांत निमूटपणे काम करतं आहे. स्वस्त आहे, चालतं, माझी तक्रार नाही. पण ते फक्त क्रिएटिनिनलाच रंग देत नाही. कीटोन, साखर, काही प्रतिजैविकं यांनी आकडा फुगतो. काविळीत वाढणारं बिलिरुबिन जास्त असेल तर उलट उतरतो, आणि ही दुसरी चूक मला जास्त घाबरवते. कावीळ झालेल्या यकृताच्या रुग्णाचे स्नायू आधीच झडलेले असतात, नळाची धार तशीही बारीक, त्यावर पद्धतीने आणखी थोडं खाली ओढलं की रिपोर्ट इतका सुंदर दिसतो की मूत्रपिंड बंद पडत आल्याचं शेवटपर्यंत कळत नाही. पद्धतीचं नाव समोर असेल तर निदान शंका घ्यायला जागा राहते.

आता काही जागा अशा, जिथे ईजीएफआर छापूच नये, किंवा छापायचा तर ठसठशीत सूचनेसह छापावा. अतिदक्षता विभागातलं सँपल ही त्यातली सर्वांत मोठी. सूत्र धरून चालतं की नळ आणि मोरी यांचा मेळ बसून पातळी स्थिर झालेली आहे. चाळीस वर्षांच्या माणसाची मूत्रपिंडं काल रात्री अचानक थांबली, लघवी थेंबभर नाही. क्रिएटिनिन काही एका रात्रीत आभाळाला टेकत नाही, ते दिवसाला एक-दीड मिलिग्रॅमने चढतं. सकाळी ते १.५ आहे. तुमचं सॉफ्टवेअर निमूटपणे छापतं : ईजीएफआर ६०. खरा आकडा शून्याच्या आसपास. कनिष्ठ डॉक्टर तो ६० बघून प्रतिजैविकाचा जवळपास पूर्ण डोस लिहितो. मी हे होताना पाहिलं आहे. वॉर्डच्या सँपलवर ‘क्रिएटिनिन वेगाने बदलत असल्यास हा अंदाज लागू नाही’ ही एक ओळ घालायला किती शाई लागते?

गरोदर बाई ही दुसरी. गरोदरपणात गाळण्याचा वेग जवळपास दीडपट होतो आणि क्रिएटिनिन खाली उतरतं, तेव्हा ०.९ हा आकडासुद्धा काळजीचा असू शकतो. ही सूत्रं त्यांच्यासाठी बनलेली नाहीत. लहान मुलांसाठी वेगळं सूत्र आहे, त्याला उंची लागते. अठराच्या खालच्या मुलाला मोठ्यांचं सूत्र लावून छापलेले रिपोर्ट मी स्वतः पाहिले आहेत. पाय कापलेला माणूस, वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेला माणूस, तो व्यायाम करणारा पोरगा, या सगळ्यांचा नळ सूत्राने गृहीत धरलेल्या नळासारखा नाही. काही औषधांची वेगळी खोडी : ट्रायमेथोप्रिम, सिमेटिडिन ही नलिकांतून जाणारं क्रिएटिनिन अडवतात. पातळी वाढते, गाळण्या मात्र पूर्वीसारख्याच चालू असतात. हे ओळखणं तुमचं काम नाही, ते आमचं. पण तळटीप असली की आमची आठवण ताजी राहते.

सिस्टॅटिन सीबद्दल दोन शब्द. ते स्नायूंवर अवलंबून नसतं, शरीरातल्या बहुतेक पेशी ते तयार करतात. आता केडिगोच्या २०२४च्या सूचनांतही उपलब्ध असेल तिथे क्रिएटिनिन आणि सिस्टॅटिन दोन्ही मिळून अंदाज काढावा, असं म्हटलं आहे, कारण दोन्ही मिळून चूक कमी होते. त्याचीही आपली लहर आहे : थायरॉइड, स्टिरॉइड, लठ्ठपणा, शरीरातली सूज, धूम्रपान यांनी तो आकडा हलतो. प्रत्येकाचं करायला हवं असं मी म्हणत नाही. पण क्रिएटिनिन आणि समोरचा माणूस यांचं जुळत नाही असं वाटेल तेव्हा मागवता येईल, एवढ्यापुरतं तरी ते तुमच्या यादीत असावं.

इतकं सगळं बोलून झाल्यावर आजींकडे परत येतो, कारण तिथे एक पेच आहे आणि तो तुमच्या-माझ्या दोघांच्याही अंगावर येतो. समजा त्या दिवशी रिपोर्टवर ईजीएफआर ५१ असा छापलेला असता. मी थांबलो असतो का? कदाचित थांबलो असतो. पण ५१ बघून गोळी दिवसातून तीनदाच ठेवली असती, कारण डोस कमी करण्याची पायरी पन्नासच्या खाली सुरू होते. म्हणजे नुसत्या ईजीएफआरनेही आजी वाचल्या नसत्या.

याचं कारण त्या आकड्याच्या शेपटीत आहे, जी कुणी वाचत नाही : ‘दर १.७३ चौरस मीटरला’. ईजीएफआर तुमच्या अंगाची गाळणी सांगत नाही, तुम्ही १.७३ चौरस मीटर कातडीचा माणूस असता तर किती असती हे सांगतो. हे माप १९२० च्या दशकातल्या अमेरिकी तरुणांच्या सरासरीवरून आलं आणि तिथेच थांबलं. माणसामाणसाची तुलना करायला, आजाराचा टप्पा ठरवायला ते सोयीचं आहे. पण औषध बाहेर टाकताना आजींचं मूत्रपिंड सरासरी तरुणाच्या कातडीचा विचार करत नाही. आजींच्या अंगाचं क्षेत्रफळ १.३१ चौरस मीटर. त्या हिशेबाने ५१चे ३९ होतात. आणि वजन धरून कॉक्रॉफ्ट-गॉल्टने काढले तर २८. एकच बाई, एकच रक्त, तीन आकडे. तिन्हींपैकी खरा कुठला? मोजल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. पण त्या औषधाच्या डोसाची पायरी क्रिएटिनिन क्लिअरन्सवर आखलेली आहे, तेव्हा डोस ठरवताना मला २८ किंवा फार तर ३९ लागतो. ५१ मला भुलवतो.

म्हणून सँपल घेताना वजन आणि उंची विचारा. तुमच्या काउंटरवरची मुलगी नाव, वय, फोन विचारतेच, त्यात दोन प्रश्न वाढतील. ती माहिती मिळाली तर ईजीएफआरखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ द्या : ‘औषधाच्या डोससाठी, प्रत्यक्ष शरीरमानाप्रमाणे इतके’. नाही मिळाली तर निदान एवढं लिहा की फार बारीक किंवा फार धिप्पाड व्यक्तीच्या डोससाठी हा आकडा जसाच्या तसा वापरू नये.

आमच्या बाजूचंही सांगतो, नाही तर हे पत्र एकतर्फी होईल. आम्ही चिठ्ठीवर ‘केएफटी’ (किडनी फंक्शन टेस्ट) असं गिरगटतो आणि पुढचं देवावर सोडतो. वय लिहीत नाही, लिहिलं तर अंदाजे. लिंग लिहीत नाही, मग नावावरून तुमचा ऑपरेटर ठरवतो. आजींच्याच वयाच्या पुरुषाचं म्हणून ते १.१ टाकलं गेलं असतं, तर ५१ च्या जागी ६९ छापून आलं असतं. टंकनातली एक चूक आणि अठरा गुण वाढले. वयात दहा वर्षांची चूक झाली तर साधारण सहा टक्क्यांचा फरक पडतो, ती त्यामानाने सौम्य. पेशंटला ट्रायमेथोप्रिम चालू आहे, पेशंट गरोदर आहे, पेशंटचा पाय नाही, हे आम्ही कळवतच नाही आणि मग रिपोर्ट पाहून तुमच्यावर चिडतो.

एक गोष्ट मात्र तुम्हीच करू शकता, आणि ती कुठल्याही सूत्रापेक्षा मला जास्त उपयोगाची आहे. जुने आकडे शेजारी छापा. एखाद्या माणसाचं क्रिएटिनिन चार वर्षांपूर्वी ०.७१, मग ०.८, मग ०.९२, आज १.०५ हे एका ओळीत दिसलं, की मी खुर्चीत सरसावून बसतो. प्रत्येक आकडा नॉर्मल, पण ओळ नॉर्मल नाही. नळ तोच असताना पातळी चढते आहे. सूत्राची चूक दरवेळी साधारण एकाच दिशेने होते, म्हणून एकाच माणसाचा आजचा आकडा त्याच्याच कालच्या आकड्याशी ताडला की ती चूक बरीचशी वजा होते. सुरुवातीचा आकडा सपशेल चुकीचा असला तरी त्याचा उतार बहुधा खरा असतो. पेशंट लॅब बदलतो, मान्य. पण जो तुमच्याकडेच सहा वर्षं येतो आहे, त्याची सहा वर्षं तुमच्या संगणकात पडून आहेत आणि मला मात्र पेशंटच्या पिशवीतले चुरगळलेले कागद तारखेप्रमाणे लावत बसावं लागतं.

माझ्या चिठ्ठ्यांचा छापील नमुना मी गेल्या महिन्यात बदलून घेतला. त्यात वय, लिंग, वजन, उंची, चालू औषधं यांचे रकाने आहेत, आणि ते रिकामे असले तर सँपल परत पाठवा असं खाली लिहिलं आहे. पाठवा खरोखर. पहिले दोन आठवडे मीच विसरेन.

आजी पुढच्या सोमवारी तपासणीला येणार आहेत. नागिणीचे डाग फिके झाले आहेत, ठणका अजून आहे, त्यासाठीचं औषधही मूत्रपिंडातूनच बाहेर पडतं. त्यांच्या चिठ्ठीवर मी वजन ४२ असं मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. त्या तुमच्यापैकी कुणाच्या तरी काउंटरवर उभ्या राहतील.

आपला नम्र,
तुमचे रिपोर्ट रोज वाचणारा एक फिजिशियन